मिशी बघा, रंग सोडा : कॅटिडिड, रातकिडे आणि नाकतोडे ओळखायची पायरीवार पद्धत

हिरवा दिसला की नाकतोडा, काळा-तपकिरी दिसला की रातकिडा आणि झुंडीनं आला की टोळ. आपल्याकडे या कीटकांची वाटणी साधारण अशीच होते. माझीही बरीच वर्षं तशीच होत होती. घोटाळा असा की, पावसाळ्यात दिव्याला भुलून खिडकीच्या जाळीवर येऊन बसणारा, पानासारखा हिरवागार, लांबलचक मिशांचा जो ‘नाकतोडा’ असतो, तो नाकतोड्यांच्या घरातला नाहीच. तो काळ्या रातकिड्याचा भाऊबंद आहे. इंग्रजीत त्याला बुश क्रिकेट किंवा कॅटिडिड म्हणतात. इथे मी कॅटिडिड हाच शब्द वापरते, कारण तो म्हणायला सोपा आहे आणि नाकतोड्याशी गल्लत होत नाही.

हा घोळ जुना आहे. १७५८ साली लिनिअसनं प्राण्यांना नावं दिली तेव्हा त्यानं नाकतोडे, रातकिडे, कॅटिडिड आणि चक्क प्रार्थना कीटकही ‘ग्रिलस’ या एकाच नावाखाली घातले होते. आज कॅटिडिडच्या कुळाला ‘टेटिगोनिडी’ म्हणतात. हे नाव ज्या ग्रीक शब्दावरून आलं, त्याचा अर्थ मात्र सिकाडा! म्हणजे नावातच गोंधळ बसलेला आहे.

आधी घराण्याचा नकाशा

या सगळ्यांचा गण एकच : ऑर्थोप्टेरा, म्हणजे सरळ पंखांचे. जगात यांच्या पंचवीस हजारांहून जास्त जाती माहीत आहेत. गणाच्या दोन मोठ्या शाखा आहेत. एक एन्सिफेरा, म्हणजे तलवारधारी. दुसरी सीलिफेरा, म्हणजे छिन्नीधारी. तलवार आणि छिन्नी ही माद्यांची अंडी घालायची अवजारं. तलवारधाऱ्यांत कॅटिडिड (एकट्या याच कुळात आठ हजारांच्या आसपास जाती), रातकिडे, जमिनीत बोगदे करणारे मोल क्रिकेट, गुहेतले बिनपंखी उंटकिडे आणि पानं शिवून राहणारे ग्रिलॅक्रिडिड येतात. छिन्नीधाऱ्यांत नाकतोडे, टोळ आणि ओढ्याकाठच्या ओल्या दगडांवर उड्या मारणारे नखाएवढे बुटके नाकतोडे येतात.

एवढा नकाशा डोक्यात ठेवला तरी पुढचं काम निम्मं होतं.

कधी आणि काय घेऊन बाहेर पडायचं

कोकणात आणि घाटावर मृगाच्या पावसानंतर पिल्लं दिसायला लागतात. आषाढात झुडपांवर हात फिरवला तर तांदळाएवढी पिल्लं टपाटप उड्या मारतात. आवाज ऐकायचे तर मात्र थांबावं लागतं. गाणं प्रौढ नरच गातात, आणि त्यांचा भर श्रावणाच्या शेवटापासून दिवाळीपर्यंत असतो. मला विचाराल तर नवरात्राच्या आसपासच्या, पाऊस उघडलेल्या, वारा पडलेल्या रात्री सगळ्यांत चांगल्या.

सामान फार लागत नाही. डोक्याला बांधायची बॅटरी, आणि तिच्यावर लावायला पतंगाचा लाल कागद. पांढऱ्या झोतात गाणारा नर गप्प होतो, लाल उजेडात फारसा बिचकत नाही. एक स्टीलची पट्टी, बरणीसारखे दोन-तीन पारदर्शक प्लास्टिकचे डबे, साधा थर्मामीटर, वही आणि फोन. गमबूट घातल्याशिवाय गवतात पाय टाकू नका. याच दिवसांत फुरसं आणि घोणस रात्री वाटेवर असतात, आणि झुडपावर चापडा हा हिरवा विषारी साप पानाच्याच रंगात निवांत बसलेला असतो. हात घालण्याआधी त्या फांदीवर उजेड टाकून पूर्ण बघून घ्यायचं, ही सवय पहिल्याच दिवशी लावून घ्या. अभयारण्यात रात्री जायचं असेल तर वनखात्याची परवानगी लागते. पण खरं सांगायचं तर सुरुवातीला जंगलाची गरजच नसते. परस, शेताचा बांध, सोसायटीच्या कुंपणाची मेंदी पुरे.

पहिली पायरी : हा या घराण्यातला आहे का?

मागचे पाय बघा. मांडी जाड, नडगी बारीक आणि लांब, उडी मारण्यासाठी दुमडून ठेवलेली. मानेवर खोगिरासारखी ढाल. तोंड चावणारं. या तीन गोष्टी असल्या की गण ऑर्थोप्टेरा.

पुढचे पाय कोयत्यासारखे दुमडलेले असतील तर तो प्रार्थना कीटक, वेगळ्या गणातला. दिवसा, ऐन उन्हात, झाडाच्या खोडावरून कानठळ्या बसवणारी करकर येत असेल तर तो सिकाडा. मे महिन्यात जंगलात होणाऱ्या त्या आवाजाला बरेच जण रातकिडेच समजतात. पण सिकाडा झाडाचा रस सोंडेनं शोषतो, त्याला उडीचे पाय नसतात आणि आवाज तो पंख घासून काढत नाही. पोटाच्या बाजूला असलेले पडदे आत-बाहेर करून काढतो. नात्यानं तो ढेकणांच्या बाजूचा आहे.

दुसरी पायरी : मिशी

मिशी, म्हणजे पुस्तकातली शृंगिका. ती केसासारखी बारीक आणि अंगापेक्षा लांब असेल तर तलवारधारी शाखा. आखूड, जाडसर, अंगाच्या निम्म्यालाही न पुरणारी असेल तर छिन्नीधारी. जाळीवरचा तो हिरवा पाहुणा इथेच नाकतोड्यांपासून वेगळा होतो.

दोन ठिकाणी फसायला होतं. एक, मिशी तुटलेली असते. टोकाकडे नीट बघा : ती निमुळती होत होत संपत असेल तर पूर्ण आहे, आणि एकदम थांबली असेल तर तुटली आहे. मग दुसऱ्या बाजूची मोजा. दोन, मोल क्रिकेट. भातखाचरात नांगरताना किंवा पहिल्या पावसात दिव्याखाली येणारा, फावड्यासारख्या पुढच्या पायांचा तो तपकिरी, मखमली कीटक तलवारधारी शाखेतलाच आहे, पण त्याच्या मिशा आखूड असतात आणि मादीला बाहेर दिसणारी तलवारही नसते. जमिनीखाली लांब मिशा आणि लांब तलवार दोन्ही अडचणीच्याच. त्याचे पुढचे पाय एकदा बघितले की पुन्हा चूक होत नाही.

तिसरी पायरी : पाऊल आणि गुडघा

कीटक पारदर्शक डब्यात घ्या आणि डब्याच्या तळातून बघा. पावलाची पेरं मोजा. चार असतील तर कॅटिडिड किंवा त्याच्या जवळचा. तीन असतील तर रातकिडा. नाकतोड्यांनाही तीनच असतात, पण ते मिशीवरून आधीच वेगळे झालेले असतात. फोनच्या कॅमेऱ्यानं तळातून फोटो काढून मोठा केला तर भिंग लागत नाही.

तिथेच आणखी एक गोष्ट बघून घ्या, कारण ती फार सुंदर आहे. पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या जरा खाली, नडगीवर एक लांबट भोक किंवा अंडाकृती पडदा दिसतो. तो कान. कॅटिडिड आणि रातकिडे पायांनी ऐकतात. नाकतोड्यांचा कान पायावर नसून पोटाच्या पहिल्या वळ्यावर, पंखाखाली झाकलेला असतो. कॅटिडिडच्या कानाला बाहेरून पडद्यावर आवाज मिळतोच, शिवाय छातीच्या बाजूच्या श्वासछिद्रातून निघून पायातून जाणारी एक नळी आतून आवाज पोचवते. दोन पाय दोन दिशांना, त्यामुळे हाक कुठून आली हे नेमकं कळतं.

चार पेरं आहेत पण गुडघ्याखाली कान नाही? मग पंख बघा. पंख अजिबात नसतील, पाठ कुबड आल्यासारखी असेल आणि जागा गुहा, विहिरीची कपार किंवा जुन्या घराचं तळघर असेल तर तो उंटकिडा. दिवसा दोन पानं एकमेकांना चिकटवून केलेल्या घरात बसलेला सापडला तर ग्रिलॅक्रिडिड. हा तोंडातून रेशमासारखा धागा काढून पानं शिवतो आणि त्याचा चावा चांगलाच लागतो, म्हणून पानाची पुरचुंडी उघडताना बोटं लांब ठेवा. नदीकाठच्या वाळूत बिळं करून राहणारा एक अचाट नातेवाईकही भारतात आहे : शिझोडॅक्टिलस मॉन्स्ट्रोसस. त्याच्या पंखांची टोकं घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असतात.

चौथी पायरी : पिल्लू की प्रौढ, नर की मादी

ही पायरी लोक वगळतात आणि मग पिल्लाच्या फोटोवर आखूड पंखांच्या प्रौढाचं नाव लिहितात. या कीटकांत कोष नसतो. अंड्यातून निघालेलं पिल्लू आईबापांसारखंच दिसतं, फक्त पंख नसतात. दर वेळी कात टाकताना पंखांची पालवी वाढत जाते. खूण अशी : मोठ्या पिल्लाच्या पाठीवरची पालवी उलटलेली असते. मागच्या पंखांची पालवी वर आणि पुढच्यांची तिच्याखाली. प्रौढात हे सरळ होतं, पुढचे पंख वर येतात. पंख कितीही आखूड असले तरी पुढचे वर असतील तर कीटक प्रौढ आहे.

कात टाकताना दिसला तर हात लावू नका. पानाखाली उलटा लटकलेला, फिकट, पारदर्शक असा तो जीव त्या वेळी लोण्यासारखा मऊ असतो. बहुतेक कॅटिडिड स्वतःची कात नंतर खाऊन टाकतात, म्हणून सिकाड्यासारख्या त्यांच्या कातड्या झाडांवर लटकलेल्या फारशा सापडत नाहीत.

मादी ओळखायला मागचं टोक बघा. कॅटिडिडच्या मादीला दोन्ही बाजूंनी चपटी झालेली तलवार किंवा कोयती असते. रातकिड्याच्या मादीला सुईसारखी गोल, लांब नळी असते. अनेकांना वाटतं की ती नांगी आहे. ती नांगी नाही. तिच्यातून अंडी जातात, विष नाही. तलवारीच्या आकारावरून अंडी कुठे घातली जातात याचाही अंदाज येतो. आखूड, वर वळलेली, कडेला दाते असलेली कोयती पानाच्या कडेला किंवा सालीत चिरण्यासाठी असते. काही जाती तर पानाच्या दोन थरांच्या मधे एकेक चपटं अंडं सरकवतात. लांब, सरळ तलवार गवताच्या आवरणात किंवा मातीत खुपसायची.

एक दृश्य सांगते, कारण त्याचे फोटो दर वर्षी ‘याला काय रोग झालाय?’ अशा प्रश्नासह माझ्याकडे येतात. मादीच्या तलवारीच्या मुळाशी साबुदाण्याच्या खिचडीचा घास अडकावा तसा पांढरा, चिकट गोळा. मागच्या वर्षी आमच्या अंगणातल्या अबोलीवर अशी एक मादी मला दिसली. तिनं अंग कमानीसारखं वाकवलं, डोकं थेट पोटाखाली नेलं आणि त्या गोळ्याचा लचका तोडला. मग सरळ होऊन सावकाश चावत बसली. संपलं की पुन्हा वाकली. तासाभरानं मी चहा करून परत आले तरी तिचं चालूच होतं. तो रोग नाही, अंडीही नाहीत. जोडी जमल्यावर नरानं दिलेली ती शिदोरी आहे. आत एक छोटी पिशवी शुक्राणूंची, आणि बाहेर प्रथिनांनी भरलेला खाण्याचा गोळा. मादी गोळा खात असते तोवर शुक्राणू तिच्या शरीरात उतरतात. गोळा मोठा तेवढा वेळ जास्त. काही जातींत नराच्या वजनाच्या चौथ्या हिश्श्याहून मोठा गोळा असतो. असा गोळा दिला की तो नर लगेच दुसरा देऊ शकत नाही.

पाचवी पायरी : आवाज

खरी मजा इथे आहे आणि खरी ओळखही इथेच पटते, म्हणून या पायरीला घाई करू नका.

गाणाऱ्या नराच्या पुढच्या पंखांच्या मुळाशी, खांद्याजवळ, वाद्य असतं. एका पंखाच्या खालच्या बाजूला कानशीसारखी दातेरी शीर. दुसऱ्या पंखाच्या कडेला घासणी. पंख थोडे उचलून कात्रीसारखे मिटले-उघडले की घासणी दात्यांवरून जाते आणि शेजारचा काचेसारखा पातळ पडदा थरथरतो. त्या पडद्याला आरसा म्हणतात. पाठीवरून फोटो नीट काढला तर आरसा स्पष्ट दिसतो, आणि दिसला की नर हे नक्की.

आता एक खूण पाठ करून ठेवा. कॅटिडिडचा डावा पंख वर असतो, रातकिड्याचा बहुधा उजवा. कॅटिडिडची कानस डाव्या पंखाखाली आणि आरसा उजव्यावर. पाठीवरचा एक चांगला फोटो असला तर केवळ या गोष्टीवरून शाखेतलं कुळ सांगता येतं. पंखांची ठेवणही वेगळी : कॅटिडिडचे कौलारू छपरासारखे दोन्ही बाजूंना उतरते, रातकिड्याचे पाठीवर सपाट आणि कडेला काटकोनात मोडलेले. नाकतोड्यांतले जे गातात, त्यांतले बरेच मागच्या मांडीच्या आतल्या बाजूचे दाते पंखावर घासतात, सारंगीवर गज फिरवावा तसे. त्यांचं गाणं दिवसाचं.

कानालाही फरक कळतो. रातकिड्यांचा सूर शुद्ध असतो, साधारण २ ते ८ किलोहर्ट्झमधला, शिट्टीसारखा. कॅटिडिडचा आवाज बहुधा खरखरीत, वाळूचा खुळखुळा हलवावा तसा, आणि त्याचा मोठा भाग माणसाच्या कानापलीकडे असतो. कोलंबियाच्या गोर्गोना बेटावरच्या एका कॅटिडिडचा सूर तर १५० किलोहर्ट्झचा आहे. माणसाला तरुणपणी जेमतेम २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं. वय वाढेल तशी ही मर्यादा खाली येते. आमच्या पायरीजवळच्या गवतात कोनोसेफॅलस हा गवतातला कॅटिडिड गात असताना माझ्या भाचीला तो सुस्पष्ट ऐकू येतो, मला मन लावलं तर येतो आणि बाबांना अजिबात नाही. बाबांना वाटायचं, हल्ली गवतातले किडे कमी झाले. म्हणून शक्य तर बरोबर एखादं लहान मूल घेऊन जा, आणि ‘इथे काही नाही’ असं वहीत लिहिण्याआधी त्याला विचारा.

आवाज करणारा शोधायचा तर दोघांनी दहा-बारा पावलं लांब उभं राहून, डोळे मिटून, आवाजाकडे बोट करायचं. दोन बोटांच्या रेषा जिथे मिळतात तिथे तो असतो. जवळ गेल्यावर तो गप्प होईल. हलू नका. दोन-तीन मिनिटांत पुन्हा सुरू होतो. पंख उचललेले दिसले की फोटोआधी आवाज रेकॉर्ड करा.

फोनवर रेकॉर्ड करताना एक लक्षात असू द्या : फोन सेकंदाला ४८ हजार नमुने घेत असेल तर जास्तीत जास्त २४ किलोहर्ट्झपर्यंतचाच आवाज त्यात येतो. ओळखीसाठी ठेका मिळतो, तोही पुष्कळ उपयोगी. त्यापुढचं हवं असेल तर ऑडिओमॉथसारखा छोटा रेकॉर्डर लागतो. फाईल ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडली की आवाजाचं चित्र दिसतं : किती तुकडे, मधे किती वेळ, सूर किती उंच. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, जागा आणि तापमान बोलून ठेवा.

तापमान का? कारण हे थंड रक्ताचे जीव आहेत. हवा गार झाली की पंखही सावकाश चालतात. १८९७ साली अमेरिकेत आमोस डॉलबेअर यांनी किरकिरीवरून तापमान काढायचं सूत्र मांडलं. सेल्सिअससाठी त्याचं सोपं रूप : ८ सेकंदांतल्या किरकिरी मोजा आणि त्यात ५ मिळवा. हे तिकडच्या एका झाडावरच्या रातकिड्याचं गणित आहे, आपल्या अंगणातल्याला जसंच्या तसं लावू नका. आपल्या कुंडीतल्या एकाच नराच्या किरकिरी आठ-दहा रात्री वेगवेगळ्या तापमानाला मोजल्यात तर त्याचं सूत्र तुम्हालाच काढता येईल.

आवाजाला मी एवढं महत्त्व का देते ते मेकोपोडाच्या उदाहरणावरून कळेल. मेकोपोडा इलाँगाटा हा लांब टांगांचा, वाळक्या किंवा ओल्या पानासारखा दिसणारा मोठा कॅटिडिड. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले विवेक नित्यानंद आणि रोहिणी बालकृष्णन यांनी २००६ साली दाखवून दिलं की, दक्षिण भारतात दिसायला जवळजवळ सारख्या असलेल्या या मेकोपोडांची गाणी पाच तऱ्हेची आहेत. एक हेलिकॉप्टरसारखं, एक आगगाडीसारखं, एक एकेरी किरकिरीचं, एक दुहेरी किरकिरीचं आणि एक दोन भागांचं. फोटोवरून तुम्ही ‘मेकोपोडा’ म्हणू शकता, त्यापुढे नाही. मादी नराला दिसण्यावरून निवडत नाही, हाकेवरून शोधत येते. मग आपणही तोच निकष लावावा हे बरं.

रानतुळशीसारखा वास येणारं हिप्टिस नावाचं तण रस्त्याकडेला माजलेलं असतं. त्यावर ओकँथस हेन्री हा फिकट हिरवा, नाजूक रातकिडा राहतो. याच्या काही नरांची एक युक्ती आहे. ते पानाच्या मधोमध आपल्या पंखांच्या मापाचं भोक कुरतडतात, त्यात डोकं आणि खांदे घालून बसतात आणि पंख पानाच्या पातळीत आणून गातात. पान भिंतीचं काम करतं आणि आवाज वाढतो. त्याच संस्थेतल्या रित्तिक देब आणि सहकाऱ्यांनी २०२० साली मांडलं की, ही युक्ती मुख्यतः लहान आणि मुळात हळू आवाजाचे नर वापरतात. हिप्टिसच्या पानाला मधे गोलसर भोक दिसलं तर रात्री तिथे परत जा.

पंखावरून आवाज उलटा काढता येतो, इतकं हे नातं पक्कं आहे. प्रोफॅलँगॉप्सिस ऑब्स्क्युरा या कीटकाचं वर्णन फ्रान्सिस वॉकर यांनी १८६९ साली केलं, तेही लंडनच्या संग्रहातल्या एकाच नरावरून. त्याच्या चिठ्ठीवर जागा म्हणून नुसतं ‘हिंदुस्तान’ लिहिलेलं. त्या दीडशे वर्षं जुन्या पंखांची मापं घेऊन २०२२ साली संशोधकांनी त्याच्या गाण्याचा सूर सुमारे ४.७ किलोहर्ट्झचा असावा असं काढलं.

सहावी पायरी : कॅटिडिडमधला कोणता?

जातीपर्यंत लगेच जाऊ नका, आधी उपकुळ ठरवा. आपल्याकडे चार-पाच ओळखीचे झाले की बरंच भागतं. मागचे पंख पुढच्या पंखांच्या बाहेर टोकासारखे डोकावत असतील आणि अंग पानासारखं असेल तर फॅनेरोप्टेरिनी. दिव्यावर येणारे बहुतेक हेच. यांच्या बऱ्याच जातींत मादीही टिचकी वाजवून उत्तर देते आणि नर चालत तिच्याकडे जातो. डोकं शंकूसारखं पुढे आलेलं आणि मुक्काम गवतात असेल तर कोनोसेफॅलिनी. सालीसारखा खरबरीत, फांदीला अंग चिकटवून बसलेला असेल तर स्यूडोफिलिनी. सॅथ्रोफिलिया हा त्यातला, दिवसा एक हातावर असला तरी दिसत नाही. याच गटातला ओनोमार्कस युनिनोटाटस मात्र कॅटिडिड असूनही रातकिड्यासारखी ३.२ किलोहर्ट्झची स्वच्छ शिट्टी घालतो, तेव्हा सुरावरून कुळ ठरवताना हा अपवाद ध्यानात ठेवा.

पुढच्या पायांवर लांब काटे आणि पाठीवर तपकिरी पट्टा असेल तर हेक्सासेंट्रस. हा शिकारी. काटे दुसऱ्या कीटकांना आवळून धरायला. कॅटिडिड फक्त पाला खातात हा समज याच्यामुळे मोडतो. याला दुसऱ्या कशाबरोबरही एका डब्यात ठेवू नका. सकाळी एकच उरलेला असतो.

नाकतोड्यांकडे धावतं बघू. रुईवरचा निळा-पिवळा पोएकिलोसेरस पिक्टस सगळ्यांच्या ओळखीचा; रुईचा विषारी चीक पचवतो आणि धरला तर द्रव उडवतो. टोळ म्हणजे वेगळं कुळ नव्हे. गर्दी झाली की रंग, वागणं आणि शरीर बदलून झुंड करणारे ते नाकतोडेच. हे बोरिस युव्हारोव्ह यांनी १९२१ साली दाखवलं. मे २०२० मध्ये अमरावती, वर्धा आणि नागपूरकडे आलेली झुंड शिस्टोसर्का ग्रेगॅरिया या वाळवंटी टोळाची होती. परसातला कॅटिडिड बघून टोळधाड आली म्हणून फवारणी करू नका. मिशी बघा.

वटवाघळांची मदत

जुन्या पडक्या घरात, देवळाच्या अंधाऱ्या ओवरीत मेगाडर्मा गटातली वटवाघळं टांगून बसतात. शिकार तिथे आणून खातात आणि पंख खाली टाकतात. ते पंख म्हणजे त्या परिसरातल्या कॅटिडिडची यादीच. नाकाला मास्क लावून, वटवाघळांना न उठवता, खालचे पंख चिमट्यानं उचला. डाव्या पंखाखाली कानस दिसली तर नर, नाही तर मादी. कर्नाटकातल्या कुद्रेमुखच्या परिसरात केलेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गाणाऱ्या नरांपेक्षा मुक्या माद्याच वटवाघळांच्या जास्त तावडीत सापडत असल्याचं दिसलं. हाकेच्या दिशेनं उडत जाणंही जिवावर बेततं.

धरायचं कसं, नोंद कशी

मागचा एकच पाय कधीही धरू नका. तो पाय सोडून कीटक निसटतो, आणि प्रौढाला तो पाय पुन्हा येत नाही. डबा समोर धरून मागून बोटानं हळूच ढकला, आपणहून आत जातो. फोटो सहा घ्या : कडेनं, पाठीवरून, चेहरा, मागचं टोक, पुढचा गुडघा आणि तळातून पाऊल. एकात पट्टी ठेवा. रंगावर नोंद अवलंबून ठेवू नका. एकाच जातीत हिरवे आणि तपकिरी दोन्ही असतात.

नाव लिहिताना जेवढं दिसलं तेवढंच लिहा. आय-नॅचरलिस्ट किंवा ऑर्थोप्टेरा स्पीशीज फाईल या संकेतस्थळांवर चित्रं जुळवून जातीचं नाव टाकायचा मोह होतो. त्यापेक्षा वहीतली ही नोंद मला जास्त मोलाची वाटते : ‘अश्विन शुद्ध पंचमी, रात्री ९.२०, २४ अंश, करवंदीची जाळी, जमिनीपासून कमरेएवढा उंच. मेकोपोडा, नर, तपकिरी. गाणं हेलिकॉप्टरचं. रेकॉर्डिंग आहे. १०.१५ ला त्याच फांदीवर सोडला. १०.४० ला पुन्हा गायला लागला.’